पुडीतली पांढरी गोळी

आमच्या नया नगरच्या डॉक्टरने मला फसवलं. पैशात मला फसवणारा अजून जन्मायचाय. त्याने फसवलं ते पुडीत.

मीरा रोडला तेव्हा जिकडेतिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि माझं नळ-पाइपांचं दुकान त्यांच्याच जिवावर उभं राहिलं. रस्ते कच्चे, सिमेंटची धूळ, माझं नाक कायम चोंदलेलं. डॉक्टर बरणीतून पांढऱ्या गोळ्या काढायचा, कागदात बांधायचा आणि म्हणायचा, "सकाळ-संध्याकाळ." पुडीवर नाव नसायचं. मी साधा वॉशर घेतानाही छाप बघून घेतो, पण डॉक्टरला गोळीचं नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान, अशी तेव्हाची रीत.

मग लघवी अडायला लागली. ओटीपोट तट्ट फुगलेलं आणि बाहेर थेंब थेंब. बायको मोरीच्या दाराशी येऊन म्हणायची, "अहो, आत झोपलात की काय?" शेवटी डॉक्टरला सांगितलं. त्याने हातही लावला नाही. "प्रोस्टेट वाढलीय. वयच आहे. ऑपरेशन लागेल," म्हणाला आणि सर्दीची नवी पुडी बांधून दिली.

एका दुपारी दुकानातच लघवी पूर्ण बंद झाली. रिक्षा खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढे अंधार यायचा. भाईंदरच्या हॉस्पिटलात तज्ज्ञाने नळी घातली, पिशवी भरली आणि मी माणसात आलो. मग त्याने विचारायला सुरुवात केली. कधी मुतखडा झाला होता? शौचाला साफ होतं? साखर आहे? साखरेने नसा बधिर होतात, मूत्राशय भरल्याचं कळत नाही. खाली कधी मार लागला होता? त्यानेही मार्ग आकसतो. बोटाने तपासून म्हणाला, "प्रोस्टेट थोडी वाढलीय, पण एवढ्यावरून एकदम बंद पडायला नको. गोळ्या कसल्या घेता?"

"सर्दीच्या."

"नाव?"

"पांढऱ्या."

तो हसला नाही. "सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं. त्यात तुमची प्रोस्टेट. आधी त्या बंद करा, ऑपरेशनचं मग बघू."

बंद केल्या. काही दिवसांनी नळी निघाली आणि धार लागली. ऑपरेशन टळलं.

तडक दवाखान्यात गेलो. बाकावर पेशंट बसलेले. "डॉक्टर, त्या पुडीत काय होतं?"

"शेठ, सर्दी गेली ना तुमची?"

"लघवीपण गेली होती."

"आता होतेय ना? मग भांडताय कशाला?"

बाकावरचे हसले. मी त्यांच्यासमोर तोंडाला येईल ते बोललो, त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

इतकी वर्षं झाली, अजून मला त्या गोळीचं नाव माहीत नाही. माफी मला नकोच. लघवी अडतेय हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरही त्याने तीच पुडी परत का बांधली, आणि त्याच गोळ्यांपायी मला ऑपरेशनच्या टेबलावर का चढवायला निघाला होता, याचं उत्तर त्याने द्यावं. त्याच बाकासमोर द्यावं.