आईने लपवलेलं दुखणं
एरंडेलाचा वास आला की मला जऊळक्याचं आमचं घर आठवतं. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात अकोल्याच्या डॉक्टरांनी आईच्या आतड्याची तपासणी ठरवली आणि पोट साफ करायला आदल्या दिवशी एरंडेल घ्यायला सांगितलं. नाक दाबून ती ते प्यायली, दिवसभर परसाकडे हेलपाटे घालून गळून गेली आणि सकाळी गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. दवाखान्यात गुदद्वारातून नळी घालून पाहिल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून पडतं?" मला वाटत होतं, महिनाभर झाला असेल. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "दोन वर्स झाले." परतताना फलाटावर मी चिडून विचारलं, "मले आधी काहून नाई सांगतलं?" ती थकल्या आवाजात म्हणाली, "पोराले सांगाची गोष्ट हाय का ते? मले वाटलं, मूळव्याध असंन." आतड्यातली गाठ फार वाढलेली होती, दिवाळीआधीच आई गेली. गेल्या वर्षी मला रक्त दिसलं, तेव्हा मी त्याच दिवशी लेकीला सांगितलं. दुर्बिणीच्या तपासणीत लहानशी गाठ निघाली, ती वेळेवर काढता आली. पण लेकीला सांगताना माझीही मान खालीच होती.