सराईमध्ये खिळा ठोकायचा नाही

रिया, ईशान, तुमची आई हॉटेलात वाढली असे तुम्ही वर्गात सांगितल्याचे कळले. ते वेळीच दुरुस्त केलेले बरे. ती वाढली सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या एका सराईत, आणि सराई होती जैतूनबीची. निदान जैतूनबीला तसे वाटे.

ती तिथल्या शेवटच्या रखवालदाराची विधवा. एसट्या सुरू झाल्यावर बैलगाड्यांचे मुक्काम थांबले आणि त्या खोल्यांत आमच्यासारखी बिऱ्हाडे आली. जैतूनबीच्या लेखी मात्र आम्ही सारे मुसाफिर. पहिल्याच दिवशी तुमच्या आजोबांनी घड्याळासाठी खिळा उचलला, तशी ती दारात उभी.

“मुसाफिर खिळा ठोकत नाई, बाई. सकाळी जाणाऱ्याले खिळा कायले पाह्यजे?”

“आम्ही कुठे जाणार नाही,” मी म्हटले.

“सगळे असंच म्हणतात. मंग गाडी जुंपतात.”

‘भिंती सांभाळजो’ एवढेच तिचा नवरा जाताना म्हणाला होता, त्यामुळे कोणी वाद घालत नसे. घड्याळ ट्रंकेवर बसले. शेजारच्या मेश्रामबाईंची बुद्धाची तसबीर तांदळाच्या कोठीवर. तारीख पाहायची तर मी गादी उचलून कॅलेंडर काढायची.

मग तुमची आई झाली. पाळण्यासाठी तुळईत कडी हवी होती.

“खाटेवर निजव,” जैतूनबीने निकाल दिला. “माहे लेकरं खाटेवरच वाढले.”

एका दुपारी खाटेच्या पायावरून विंचू चढला आणि दुपट्याशी पोचला. माझी किंकाळी ऐकून जैतूनबी धावत आली. चपलेने विंचू मारला, बाळाचे हातपाय उलटेपालटे करून पाहिले आणि मान वर करून तुळई न्याहाळली. संध्याकाळी लोहाराला घेऊन आली. शिडी तिनेच धरली.

“हा खिळा नाई, कडी आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

हा बारकावा कोणाच्या कानात शिरला नाही. दुसऱ्या सकाळी खोल्याखोल्यांतून ठोकाठोक सुरू झाली. मेश्रामबाईंची तसबीर सर्वांत आधी भिंतीवर गेली. जैतूनबी कानांवर पदर दाबून ओसरीत बसली होती. मी चहा नेऊन दिला.

“झालं, बाई. सराई गेली.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही काय, आता शेजारी. रोज भांडाल.” तिने एक घोट घेतला. “साखर कमी टाकली काऊन?”

मुसाफिराच्या चहाला तिने तोवर कधी नावे ठेवली नव्हती.

जैतूनबी जाऊन आता बरीच वर्षे झाली. खोल्या उभ्या आहेत, बिऱ्हाडे नांदत आहेत. आमच्या खोलीत मेश्रामबाईंची नात राहते. कडी तुळईत आहे.