आतोबांचे हुमले

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात मुंग्यांच्या भांडणात जिवाभावाने पक्ष घेणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. ते दिवस स्वदेशीचे. गाव विलायती कापडाची होळी करत होतं आणि आमचे आतोबा परदेशी मुंग्यांवर बहिष्कार घालत होते. त्यांचा मुलगा सदू बोटीवर खलाशी. त्याने आफ्रिकेच्या फेरीतून एका सोबत्याबरोबर घरी पेटी पाठवली. तीत आईला लुगडं, बापाला छत्री आणि पेंढ्यात दडून आलेल्या लांब पायांच्या पिवळ्या मुंग्या. बघता बघता त्यांनी अंगण घेतलं आणि परसातल्या आंब्याकडे मोर्चा वळवला.

त्या आंब्यावर पानं शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं, म्हणजे हुमल्यांचं, पिढीजात राज्य. एरवी हुमला चावला की आतोबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण परकी फौज दिसताच ते हुमल्यांचे सेनापती झाले. कामधंदा सोडून बुंध्याशी पाट टाकून बसत. हुमला ढुंगण वर करून विषाची पिचकारी मारी, पिवळी मुंगी गडबडा लोळे आणि आतोबा मांडीवर थाप मारून ओरडत, "शाबास रे पठ्ठ्या!" विषाला आंबूस वास येतो म्हणून हुंगायला गेले, तर पिचकारी त्यांच्याच नाकात गेली. पुतणीच्या लग्नात पाहुण्यांनी नवरदेवापेक्षा ते नाकच जास्त पाहिलं.

फितुरी मात्र घरातच होती. सदूची पत्रं बंद झाली, तशी पोर समुद्रावर सुखरूप राहावं म्हणून आत्या रोज मुंग्यांना साखर घालू लागली. ती सगळी पिवळ्याच फस्त करत.

"अगो, शत्रूला रसद कसली पुरवतेस?" आतोबा कडाडत.

"मुंगी ती मुंगी. माझं पोर घरी येऊ दे," आत्या म्हणे.

हुमल्यांनी फांदी न् फांदी लढवली. विष कमी पडलं नाही, हुमले कमी पडले. शेंड्यावर एकच घरटं उरलं, तेव्हा आतोबांनी पिवळ्यांचं मूळ हुडकून काढलं. ते होतं पडवीतली सदूची पेटी. उकळत्या पाण्याचा हंडा घेऊन ते तरातरा निघाले. मी मजा बघायला मागोमाग. पेटीच्या झाकणावर सदूने स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, बापाचं नाव रंगवलं होतं. आतोबा तिथेच थबकले. हंड्यातलं पाणी निवून गेलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि आत्याच्या डब्यातली मूठभर साखर आणून त्यांनी पेटीच्या फटीशी घातली.

"खा, मेल्यांनो," ते म्हणाले. "तुम्हाला सापडली, तशी त्यालाही घरची वाट सापडू दे."

शेंड्यावरच्या हुमल्यांना मात्र त्यांनी पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही.