देवाचे डोळे कुणी आखायचे

शेंडेफळाला कला आणि थोरल्याला काम, असं जगात म्हणतात. कुणकेश्वराजवळच्या मेस्त्र्यांच्या घरात मात्र उलटा कारभार. तिथे गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, थोरल्याची आणि मुंबईची वाट धाकट्याची. वर आणखी एक नियम: माती कुणीही मळावी, रंग कुणीही द्यावा, पण देवाचे डोळे आखायचे ते थोरल्यानेच. कुणी घातला, कधी घातला, विचारायची सोय नाही. नियमाला आई-बाप नसले की तो जास्तच जगतो.

दत्ताराम थोरला. त्याचा जीव रमायचा खाडीवरच्या होड्यांच्या इंजिनांत. बंद पडलेलं इंजिन धडधडायला लागलं की हा पोरगा हसायचा. धाकटा मंगेश उरलेल्या मातीच्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, करायचा, आणि त्या आत्ता चालू लागतील, असं बघणाऱ्याला वाटायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, पण बघायला कुणाला वेळ हवा ना! बाप धोंडू मेस्त्रीने ब्रश दत्तारामाच्या हाती दिला आणि मंगेशला मुंबईला, बाटल्यांच्या कारखान्यात धाडलं. दोघांपैकी कुणीही तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दत्तारामाने मूर्ती इमानाने घडवल्या. अंग सुबक, सोंड डौलदार. डोळ्यांपाशी आला की मात्र रेघ चुकायची. "तुमचो गणपती भोळो दिसता," लोक म्हणायचे. ते कौतुक नव्हे, हे त्याला कळत होतं. श्रावणात घरोघरचे पाट शाळेत येतात, आणि ज्याचा पाट त्याची मूर्ती त्यावरच बसते. दरवर्षी एखादा पाट येईनासा व्हायचा. तो दुसऱ्या शाळेत गेला, हे दत्तारामाला बाजारात कळायचं. तो घरी येऊन गुपचूप जेवायचा. मंगेश चतुर्थीला यायचा, मूर्तीकडे बघायचा, हात जोडायचा. मग मुंबईला परत जायचा.

यंदा मंगेश रिटायर होऊन कायमचा घरी आला, आणि दत्तारामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ब्रश पुढे देणं भाग होतं. दत्तारामाचा थोरला मुलगा सर्वेश पाटासमोर बसला. धाकट्या मुलीचा, आकांक्षाचा हात किती चांगला, हे सगळ्या वाडीला ठाऊक; पण ती धाकटी, म्हणून रंग कालवत होती.

सर्वेशचा ब्रश मूर्तीच्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबला. पोराने ब्रश खाली ठेवला.

"बाबा, माका जमणा नाय."

दत्ताराम आता ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. तो खाली बसला.

"माका तरी खंय जमला?"

"मगे इतकी वर्सां?"

"थोरलो मी. बापाशीक नाय कसा म्हणतलंय?"

दारात मंगेश उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला नाही. तिथूनच बोलला.

"दादा, तुका ह्या आवडता असा माका वाटला. म्हणान मी मुंबयक गेलंय."

इतकी वर्षं एकाने भावासाठी सोडलेलं, दुसऱ्याने बापासाठी ओढलेलं. आणि शेवटी ते दोघांनाही लाभलं नाही. दत्तारामाने ब्रश मंगेशपुढे धरला. मंगेशने उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. कारखान्याने त्या हाताचं जे करायचं ते करून टाकलं होतं.

"आता नको," मंगेश म्हणाला.

दत्तारामाने आकांक्षाला हाक मारली. ती हात पुसत आली आणि ब्रश घ्यायला वाकली. त्याने ब्रश मागे ओढला.

"आधी सांग. तुका आवडता काय गो? माका बरा वाटाचा म्हणान होय म्हणा नको."

त्या घरात हे कुणी कुणाला पहिल्यांदाच विचारत होतं. आकांक्षा काही बोलायच्या आत मंगेश दारातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.