प्रार्थना कोणी करायची

मी घर सोडलं त्या सकाळी आईनं बाजरीच्या भाकरी आणि अंड्याचा रस्सा केला होता. शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या आमच्या घरात एक रीत होती. कुणी प्रवासाला निघालं, की त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना त्यानं करायची. ताई लग्न होऊन दौंडला गेली, तेव्हा तिनं रडत रडत केली होती. त्या सकाळी मीही डोळे मिटले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात बाबांनी स्वतःच सुरुवात केली. त्यांच्या प्रार्थनेत शेतातली पिकं आली, शाळेतली मुलं आली, शेजारची आजारी मावशी आली. माझं नाव आलं नाही.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. नाताळच्या नाटकात मला म्हाताऱ्या मेंढपाळाची दाढी त्यांनीच चिकटवली होती, पण सिनेमा म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "जातोस तर जा. तिथं आपलं आडनाव सांगू नको," एवढंच म्हणाले. आई फक्त म्हणाली, "नीट जेव रं. तिकडं कोण वाढणार हाय तुला?"

शिरूरहून एस.टी.नं दौंडला ताईकडे, आणि तिथून मुंबईची गाडी. तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. घोड नदी मागे पडते, बाभळी सरत राहतात, आणि एस.टी. कुठंच पोचत नाही. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांच्याही झोपेत असा एखादा रस्ता असेलच. मागे राहिलेल्यांना कदाचित त्याच रस्त्यावरून येणारा कुणीतरी दिसत असेल.

मी हिरो व्हायला गेलो होतो. आता सांगायला लाज वाटत नाही. पण पंचविशीतच टक्कल पडलं. पहिल्याच मेकअपमननं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डब्यातून पांढरी मिशी काढली. ती पुढं कधी उतरलीच नाही. मुनीम झालो, हवालदार झालो, खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर झालो. सगळ्यात जास्त वेळा बाप झालो. माझ्याहून वयानं मोठे हिरो माझ्या पाया पडायचे आणि मी थरथरत्या हातानं आशीर्वाद द्यायचो. म्हातारा कसा करायचा, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. बाबा चष्म्यावरून बघायचे तसं बघायचं, बसताना गुडघा दाबायचे तसा दाबायचा. ज्या घरात माझं नाव निघत नव्हतं, त्या घरच्या माणसाच्या जिवावर मी पोट भरत होतो.

एका सिनेमात मी शेतकरी बाप होतो. मुलगा शहरात निघून गेलेला, आणि म्हातारा एकटाच जेवायला बसतो असा शॉट होता. ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि मग घास घ्यायचा, असं मला दोनदा समजावलं होतं. कॅमेरा सुरू झाला. समोर भाकरी दिसली, हात पाण्याकडे गेलाच नाही. मान खाली गेली, डोळे मिटले. उघडले तेव्हा कळलं, काय करून बसलो ते. ऊन उतरत आलं होतं, रीटेकला वेळ नव्हता. दिग्दर्शक मात्र खूश. म्हणाले, म्हाताऱ्याचा थकवा काय झकास दाखवलात. मी हसून मान डोलावली. कौतुक कुणाला नको असतं?

तो सिनेमा तंबूतून फिरत फिरत दौंडला आला, तेव्हा बाबा ताईकडे राहायला आले होते. पुढचं मला ताईनं सांगितलं. दाजींनी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. काळा कोट, टोपी घालून बाबा जमिनीवर बसले, तेही पडद्याकडे अर्धी पाठ करून. पाप निम्मंच लागावं, असा हिशेब असावा. जेवणाचा शॉट आला. आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. बाबा सावकाश वळले, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि ताईला हळूच म्हणाले, "बघितलंस? त्यानं डोळे मिटले."

त्या नाताळाला मी शिरूरला गेलो. एरवी मी आलो की बाबा आधीच जेवून शाळेकडे निघून जायचे. त्या दिवशी ते ताटावर येऊन बसले. आईनं वाढलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पण प्रार्थना काही सुरू होईना. मी एक डोळा उघडून पाहिलं. बाबा चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते.

"तू कर," ते म्हणाले. "तुला संध्याकाळी निघायचंय."

मी "हे स्वर्गीय पित्या" म्हटलं आणि पुढं काही सुचेना. दुसऱ्यांचे संवाद रोज घडाघडा म्हणणारा मी, माझ्याच घरात अडलो. तेव्हा बाबांनी पुढचं वाक्य हलक्या आवाजात सांगितलं, वर्गात अडलेल्या मुलाला सांगायचे तसं. मी ते म्हटलं. त्यांनी त्याच्या पुढचं सांगितलं. शेवटच्या वाक्यात माझं नाव होतं, आणि ते मला म्हणता येईना. ते त्यांनीच म्हटलं.

आज आई नाही, बाबा नाहीत, कंपाउंडातल्या त्या घरात दुसरंच कुटुंब राहतं. मी मुंबईत जेवायला बसतो, डोळे मिटतो आणि जरा थांबतो. थोड्या वेळानं पुढचं वाक्य बाबांच्या आवाजात येतं. माझं घर म्हणजे आता तेवढा वेळ. भाकरी निवते, पण मी थांबतो.