आसरांच्या विहिरीचा वास

देवीवर माझा राग होता, हे लिहिताना आजही हात अडखळतो. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावाच्या कडेला पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्यांच्या पूजेचा मान आमच्या घराचा. दर शुक्रवारी मी हळदकुंकू, फुलांच्या माळा, दहीभात पाण्यात सोडत असे. एवढी सेवा करूनही श्रावणात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि माझी चार वर्षांची नात चिमी अंथरुणाला खिळली.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. गावात पाणी समिती झाली तेव्हा माझं घर विहिरीला लागून, म्हणून मला सभासद केलं होतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर विहिरीत टाकायचं काम माझ्याकडे आलं. डबा उघडला तर नाकाला झिणझिण्या आल्या. असलं उग्र औषध आईच्या घरात कसं ओतायचं? मी डबा उतरंडीमागे दडवला आणि कुणी विचारलं की "टाकली ना" म्हणून मोकळी होत असे. देवीसाठी बोललेलं खोटं मला खोटं वाटतच नव्हतं.

ओढ्याला पूर आल्यानं हिंगोलीच्या दवाखान्याची वाट बंद होती. मुलगा पाणी उतरायची वाट बघत ओढ्याकाठी बसून होता. दोन दिवस माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. चिमीचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. भर दुपारी मी तांब्या घेऊन विहिरीवर गेले. आईचं तीर्थ पोरीला पाजायचं, पुढं तिची मर्जी. खालच्या पायऱ्यांवर ऊन हिरवट होऊन पसरलं होतं. पाण्यावर माझ्याच माळा संथ फिरत होत्या. मी जागी होते की पेंगत होते, मला आजही सांगता येत नाही.

वरच्या पायरीवर हिरव्या लुगड्यातली एक अनोळखी बाई उभी होती. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. तिनं तो तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काहून, पीत न्हाई?" मी विचारलं.

"कुजका वास येऊन राहिला. फुलं, भात, सारं यातच टाकता व्हय? कोणाच्या घरी गेलं तर त्याच्या रांजणात शिळं टाकतो का आपण?"

मला रडू आलं. लेकरू आजारी आहे, त्याच्यासाठी हे पाणी नेतेय, एवढंच कसंबसं बोलले.

"असंच नको पाजू बाई. खळखळ उकळ, निवू दे. चिमूटभर मीठ, मूठभर साखर घाल अन् चमच्या-चमच्यानं देत राह्य."

मग ती खाली उतरली आणि दोन्ही हातांनी माळा काढू लागली. मीही काढू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. तांब्या घेऊन घराकडे वळले, मागे पाहिलं तर पायऱ्या रिकाम्या. काठावर ओल्या माळांचा ढीग तेवढा होता.

मी तिनं सांगितलं तसं केलं. तिन्हीसांजेला चिमीनं डोळे उघडून भाकरी मागितली. सकाळी ओढा उतरला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात जात राहिलं म्हणून पोर हाती लागली. त्या बाईची मी पुढे पार कनेरगाव नाक्यापर्यंत चौकशी केली. कुणी तिला पाहिलं नव्हतं.

हिंगोलीहून परतल्यावर मी डबा घेऊन विहिरीवर गेले आणि पाण्याला आलेल्या बायांसमोर सगळं कबूल केलं. शेजारच्या सुभद्राकाकूंची सूनही याच साथीत आजारी पडली होती. काकूंनी हातातली घागर काठावर ठेवली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"उघड तो डबा," शेवटी त्या म्हणाल्या. "मी बादली धरते."

मी आधी डब्याला कुंकू लावलं, मग आसरांना हात जोडले. पावडर बादलीत कालवली आणि विहिरीत ओतली.

त्याला बरीच वर्षं झाली. माळा आता दगडांवर वाहते आणि दहीभात पोरींना वाटते. आईला काय आवडतं ते मीच ठरवत होते, तिला कधी विचारलंच नव्हतं. परवा चिमी म्हणाली, "आजी, तीर्थाला औषधाचा वास येऊन राहिला." मी तिच्या ओंजळीत आणखी एक पळी ओतली.