गळा शेवटी

शवविच्छेदन शिकायला आलेल्या त्या मुलीला शवविच्छेदन सोडून बाकी सगळं करायला मिळत होतं. वजनकाट्यावर यकृत ठेवायचं, आकडा ओरडून सांगायचा, बरण्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, फौजदारांचे फोन घ्यायचे. विभागाचे हेड सर दारात उभे राहून नाकाला रुमाल लावून सांगत आणि ही लिहून घेई. कापायचं काम अटेंडंटचं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांचा हात भरभर चाले आणि तोंड त्याहून भरभर. हनुवटीखाली सुरी टेकवायची ती थेट ओटीपोटापर्यंत, आणि घ्या डॉक्टरबाई, तुमचं सामान.

"मामा, एकदा मला करू द्या की."

"करा ना, नाही कोण म्हणतंय? पण तुम्ही संध्याकाळपर्यंत एकच कराल. तोवर बाहेर नातेवाईक माझा गळा धरतील."

सरांकडे जावं तर सर म्हणत, "शिकशील गं, घाई काय आहे. यांना कुठं जायचंय?"

घाई तिला होती. सोबतच्या मुली बाळंतपणं करत होत्या, मोतीबिंदू काढत होत्या. हिच्या हाताला अजून पेनाचाच घट्टा. घरी तर बोलायची सोय नव्हती. आई शेजारणींना सांगे, "मोठ्या दवाखान्यात आहे ती," आणि कशाची डॉक्टर असं कुणी विचारलं की आईला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवे. धाकटा भाऊ जेवताना मुद्दाम खुर्ची लांब ओढून बसे. "ताई, तुझा एक जरी पेशंट बरा झाला ना, तर तुझ्याआधी मामा पळतील."

असं वर्ष गेलं. मग एक दिवस मामांची पाठ धरली आणि टेबलावर एक म्हातारा आला.

म्हातारा अर्धांगवायूनं बरीच वर्षं अंथरुणावर होता. सांभाळणारा एकटा मुलगा, घरांना रंग देणारा रंगारी. त्याचं म्हणणं, सकाळी उठून बघतो तर वडील खाटेवरून अर्धे खाली, डोकं जमिनीकडे लोंबतंय. शेजाऱ्यांचं म्हणणं, रात्री दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा काळानिळा, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. फौजदार व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. सरांना नंतर कोर्टात साक्षीला जायचं होतं, ते दारातूनच घड्याळ बघत होते.

"कर बाई, आज तूच कर," सर म्हणाले. "झालं एकदाचं तुझ्या मनासारखं."

तिनं सुरी घेतली. पुस्तक तिला पाठ होतं, पण वर्षभर डोळ्यांनी गिरवले होते ते मामांचे हात. तिनं हनुवटीखाली सुरी टेकवली. गळा उघडला. मामा उघडत तसा धसमुसळेपणानं नाही. एकेक पदर सोडवत, एकेक स्नायू बाजूला करत. स्वतःच्याच हाताचं तिला कौतुक वाटत होतं. आणि अगदी आत, मणक्यांच्या पुढ्यात, तिला रक्त साकळलेलं दिसलं.

"सर, रक्त आहे इथं."

तिच्या आवाजात आनंद होता. सरांनी रुमाल खिशात घातला आणि वर्षभरात पहिल्यांदा टेबलापर्यंत चालत आले. वाकून बघितलं. "शाब्बास," म्हणाले. "दुसऱ्या कुणी हे हुकवलं असतं."

पुढं छाती उघडली तर हृदयाची एक रक्तवाहिनी चुन्यासारखी कडक होऊन बंद झालेली. "ते वय झालं," सर म्हणाले. "लिहून ठेव फक्त." कंठातलं हाड शाबूत होतं, गळ्यावर बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. पण मऊ कापड मध्ये घेऊन दाबलं तर खूण उठत नाही, असं सर म्हणाले, आणि तेही खरंच असतं. गळा दाबल्यानं मृत्यू, असं मत गेलं. फौजदारानं रंगाऱ्याला दुपारीच उचललं.

त्या आठवड्यात ती हवेतच होती. सरांनी पुढचं शवही तिलाच दिलं. पाठ बरी होऊन आलेले मामा तोंड वाकडं करून वजनकाट्यापाशी जाऊन बसले.

मग मुलांचा तास आला. डॉक्टरकीची पोरं, अर्धी झोपलेली, अर्धी मोबाइलमध्ये. ती फळ्यापाशी सांगत होती, "गळ्याबद्दल संशय असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी डोकं उघडून मेंदू काढायचा, मग छाती उघडून हृदय. गळा शेवटी."

मागच्या बाकावरनं एका मुलीनं विचारलं, "का मॅडम? काय फरक पडतो?"

"फरक पडतो. डोकं आणि छाती रिकामी केली की गळ्यातलं रक्त ओसरतं. नाहीतर चेहरा-मान रक्तानं तुंबलेली असते, अशात आधी गळा उघडला तर आपलीच सुरी शिरांना लागून रक्त आत झिरपतं, आणि ते दिसतं थेट गळा दाबल्या..."

ती तिथंच थांबली. पोरांना वाटलं मॅडम विसरल्या. एकानं मागून वाक्य पुरं केलं, "...गळा दाबल्यासारखं." बाकीचे हसले.

डोकं लोंबत राहिलेला म्हातारा. तुंबलेला चेहरा. डोळ्यांतले ठिपकेही त्यानंच येतात. आणि हिनं सगळ्यात आधी काय उघडलं, तर गळा.

घरी आईला तिनं मोघम सांगितलं. आई भाजी निवडत होती. "तुला कुणी काही म्हणालंय का?"

"नाही."

"मग आपण होऊन कशाला सांगायला जातेस? मेलेला माणूस परत येणार आहे?"

"मेलेला नाही गं. त्याचा मुलगा आत बसलाय."

आईनं हातातली भाजी खाली ठेवली. "वर्षभर त्या सुरीसाठी रडलीस. आता मिळाली तर स्वतःच्या पायावर मारून घेणार," म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सर चहा पीत होते. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

सरांनी कप खाली ठेवला नाही. "आधी गळा घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मामा तसंच करतात."

"मामा! मामांना मी पदवी देत नाहीये." मग थोडं थांबून, "बरं, ते रक्त तुझ्या सुरीचं. त्यानं दाबलाच नाही, हे तुला कसं माहीत?"

"माहीत नाही, सर."

"मग?"

"दाबला हेही माहीत नाही. आपण मात्र तसं लिहून दिलंय. हृदयाची वाहिनी बंद होती, तेवढ्यानं माणूस मरतो."

"मला शिकव आता. मरतो, मला माहितीय." सर चिडले होते, आणि तिला वाटलं तेवढे तिच्यावर नव्हते. "सही माझी आहे. कोर्टात वकील मला विचारेल, डॉक्टर, तुम्ही तेव्हा कुठं होतात? काय सांगू, दारात होतो? हात दाखवून अवलक्षण आहे हे. मिटवून टाकायचं असेल तर आत्ता परत जा आणि तासाची तयारी कर. मी काही ऐकलं नाही."

ती हलली नाही. तिला परत जायचं होतं, फार जायचं होतं. खालच्या खोलीत तिच्या मापाचे हातमोजे कालच आले होते.

"सर, मी लिहून देते."

"दे. तूच कापलंस, तूच लिही. मी मत बदलून त्याच्याबरोबर पाठवतो. आणि सुरी ठेव खाली. वर्षभर तरी हात लावायचा नाही."

"वर्षभरानं परीक्षा आहे माझी."

"मग परीक्षा पुढं जाईल."

फौजदार आला तो हातातली फाइल आपटतच. "मॅडम, तुमचं एकदा काय ते ठरवा. आम्ही माणूस आत घालायचा, तुम्ही म्हणायचं सॉरी. साहेबांना तोंड मी दाखवायचं." तिनं क्रम समजावून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चूक तुमची, फजिती आमची." यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं.

मामा टेबलावर परतले. "बरं झालं बाई," म्हणाले, "तुमच्या नाजूक हातानं ढीग लागला होता नुसता." ती काट्यापाशी उभी राहून आकडे सांगू लागली. तिनं मामांना क्रम सांगून बघितला. मामा म्हणाले, संशयाच्या केसला सांगत जा, बाकीच्यांना काय करायचंय. सर दारातच होते. त्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

रंगारी सुटला आणि बापाला न्यायला आला. इतके दिवस म्हातारा शीतपेटीतच होता. ताब्यात घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मामांनी हिच्याकडे बोट दाखवलं. तिनं टेबलावरची चादर बाजूला केली. हनुवटीपासून खाली गेलेले टाके त्यानं नीट बघितले.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"आणि मी मारलं म्हणून लिहिलं ते?"

"सरांनी लिहिलं. माझ्या चुकीमुळं. ते आता बदललंय."

"काय लिहिलंय आता? मी नाही मारलं, असं?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं. एकच शब्द होता, आणि कोण तपासणार होतं. "नाही," ती म्हणाली. "गळा दाबला असं सांगता येत नाही. हृदयानं गेले असावेत, असं."

"असावेत."

"तेवढंच लिहिता येतं. खूण मीच पुसली. आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही."

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी नव्हे. "घरमालक विचारतो, केलंस का. कामावरचे विचारत नाहीत, पण शिडी धरायला कुणी येत नाही. त्यांना काय सांगू मी? सांगता येत नाही?"

माणूस कशानं गेला हे सांगण्याच्या कामासाठी ती वर्षभर सगळ्यांशी भांडली होती, आणि आता ते कुणीतरी अखेर तिलाच विचारत होतं.

रंगाऱ्यानं वाट बघितली. मग स्ट्रेचर टेबलाला लावलं आणि डोक्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"पायाकडून धरा," तो म्हणाला.

तिनं धरलं.